गिरजाबाईंचं मत

आमच्या घरी मारायला कारण लागत नसे, आणि ते कुणी विचारतही नसे. बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, भाजीत मीठ कमी लागलं की ताट अंगणात जाई आणि ताटामागून माय. बैल हाकायची तुतारी, म्हणजे काठी, बैठकीच्या दारामागे टांगलेली असे. तिचा उपयोग बैलांवर कमी आणि माणसांवर जास्त झाला. माझा मोठा भाऊ, ज्याला सगळं गाव नुसतंच ‘भाऊ’ म्हणे, तो बापूंचा मार खात मोठा झाला आणि मिशा फुटल्या तसा स्वतःच मारायला लागला. गड्यांना, बैलांना, मला. मी तेरा वर्षांची, शेंडेफळ, जिभेची तिखट. मीही काही गरीब गाय नव्हते. अंगणात शेणसडा करायला येणाऱ्या बाईच्या पोरीचे केस ओढायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण म्हातारपणी आठवणी लिहिणारी माणसं आपलं लहानपण धुऊन इस्त्री करून घडी घालून दाखवतात, आणि मला त्याचा भारी राग येतो.

आमचं गाव नागपूरच्या दक्षिणेला, हुडकेश्वरच्याही बरंच पुढे. आता तिथे फ्लॅट झालेत आणि आमच्या बगीच्याच्या जागी एक मंगल कार्यालय उभं आहे. तेव्हा दीडशे घरं, एक शाळा, एक मोठा तलाव आणि तलावाच्या खालच्या अंगाला मोहल्ला. मोहल्ल्यातली माणसं बौद्ध झाल्याला बरीच वर्षं लोटली होती, पण आमच्या घरात त्यांचं जुनंच नाव चाले, तेही शिवीसारखं. माझे पणजोबा मालगुजार, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारे आणि गावाचे धनी. मालगुजारी कायद्यानं गेली, तलाव सरकारजमा झाला. पण पाणी कुणाच्या वावरात आधी सोडायचं हे आमच्या बैठकीतच ठरायचं. आमची संत्र्याची बाग मोठी होती. मृगाचा बहार तोडायला आला की अंगणात लाकडी पेट्यांचा डोंगर उभा राहायचा आणि दिवसभर खिळे ठोकल्याचा आवाज चालायचा, ठक ठक ठक, इतका की तो थांबला तरी कानात चालूच असायचा. पेट्यांत घालायचं वाळकं गवत, संत्र्याच्या सालीचा वास आणि चुलीवर मायचा गोळाभात, डाळीच्या भरड्याचे गोळे घालून शिजवलेला. त्यावर फोडणीचं कढत तेल ओतलं की चर्र आवाज व्हायचा आणि बापूंची भूक चाळवायची. माणूस आवडीचं जेवताना चांगला असतो, हे मी बापूंकडे बघून ठरवलं होतं.

त्या वर्षी आमच्या सातवीला रंगारी गुरुजी आले. नागपूरहून सायकलीवर येत. स्वच्छ धोतर, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेल्या, आवाज मऊ. ते मोहल्ल्यातल्यांच्याच समाजाचे होते, त्यामुळे आमच्या घरी त्यांच्या येण्यावर आठ दिवस शिव्यांचा सप्ताह चालला. गुरुजी इतिहास शिकवायचे. पुस्तकात राजे होते, लढाया होत्या, तह होते. ते सगळं शिकवून झालं की गुरुजी पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, “आता सांगा, त्या किल्ल्याचे दगड कोणी वाहिले?” पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. माझ्या बाकाशेजारी खाली चटईवर सिंधू बसायची, मोहल्ल्यातली, आईबाप नसलेली, आजीनं वाढवलेली. तेवढी एकटी हसली नाही.

जानेवारीत गुरुजींनी घरपाठ दिला: आपल्या गावाचा इतिहास. घरातल्या मोठ्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे. तलाव कोणी बांधला, त्याचं पाणी कोणाला मिळतं, आणि मागच्या इलेक्शनला घरातल्या कोणी कोणी मत दिलं. “पुस्तकातून उतरवायचं नाही,” गुरुजी म्हणाले, “मोठी माणसं जसं सांगतील तसंच लिहायचं. आपल्या मनचं एक अक्षर घालायचं नाही.” मला पहिला नंबर हवा होता. मी बापूंचं ताट वाढून होईपर्यंत थांबले आणि वही घेऊन समोर बसले.

बापू त्या दिवशी खुशीत होते. “लिही,” ते म्हणाले. “तलाव तुह्या पणज्यानं बांधला. एका उन्हाळ्यात. सारा मोहल्ला जुंपला होता. बाया, लेकरं, सारे.”

“मजुरी किती देल्ली?”

“मजुरी कायची? वेठ होती तवा. मालगुजारानं बोलावलं का याचंच.”

“आन नाही आलं तं?”

“काहून नाही येत? कोणाची टाप होती?” बापूंनी भाताचा घास तेलात बुडवला. “बांधाची पाळ खचली एक दिवस. दोघं दबले खाली. काढत नाही बसले, वरून माती टाकली आन काम चालू ठेवलं. म्हणून तं पाळ अजून मजबूत आहे.” आणि ते हसले. मी तसंच लिहिलं.

मताचं विचारलं तेव्हा भाऊ पुढे सरसावला. त्याला अशी संधी क्वचित मिळायची. “लिही, आपल्या घरानं साऱ्यात जास्त मतं देल्ली. मी एकटाच बारा वेळा गेलो. पपईचा चीक लावला का शाई निघते.” मोहल्ल्यातल्या बायामाणसांना त्या सकाळी बगीच्यात तोडाईला लावलं होतं, ते येईस्तोवर त्यांची मतं पडून गेली होती. मी विचारलं, कोणाकोणाची? भाऊ नावं घेत गेला. “आन सिंधूच्या आजीचं, गिरजाबाईचं, ते बी मीच टाकलं.”

“ते तं बाई होय!”

“यादीत नाव पाहतेत, तोंड कोण पाहते?” मतदानाला येणाऱ्या साहेबांचा मुक्काम आणि जेवण आमच्याच घरी असे. ती गावची रीतच होती, आणि आमचा गोळाभात खाल्लेला माणूस तोंडं बघत बसत नसे. मला भाऊचं फार कौतुक वाटलं. मी ते पान सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं, आणि भाऊच्या नावाखाली लाल शाईची रेघ मारली.

गुरुजींनी वही वाचली त्या दिवशी त्यांनी मला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. मग म्हणाले, “बेबी, तुला वीसपैकी वीस. तू अगदी खरं लिहिलंस. पण हे शेवटचं पान वर्गाबाहेर वाचू नकोस.” आणि त्यांनी ते पान दुमडून दिलं. का, ते सांगितलं नाही. आज वाटतं, सांगायला हवं होतं. पण तेरा वर्षांच्या मुलीला कोणत्या तोंडानं सांगणार, की तुझ्या घरच्यांनी चोरी केली आणि तू ती लाल रेघ मारून आणलीस?

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन होतं. आमचे हेडमास्तर बापूंपुढे कमरेत वाकणारे. त्यांनी वही उघडूनही बघितली नाही. बापू पाहुणे, म्हणून बापूंची मुलगी निबंध वाचणार. गुरुजी एकदा पुढे आले, हळूच म्हणाले, “सर, तिला कविता म्हणू द्या.” हेडमास्तरांनी त्यांना हातानं मागे सारलं. मी वाचायला उभी राहिले. तलावाचं वाचलं, दबलेल्या दोघांचं वाचलं, खुर्चीत बापू मिशीवरून हात फिरवत होते. दुमडलेलं पान आलं. माझं सगळ्यात चांगलं पान! मी ते उलगडलं आणि घसा साफ करून वाचलं, एकेक नाव घेऊन.

झेंड्याच्या पलीकडे मोहल्ल्यातली माणसं उभी होती. गिरजाबाईंचं नाव आलं तशा त्या पुढे आल्या. सत्तरीच्या, वाळक्या, हातात काठी. “माहं मत?” त्या म्हणाल्या. “मले तं साहेबानं सांगतलं होतं, बाई, तुहं मत पडून गेलं, घरी जाय. मले वाटलं मी बुढी झाली, दिऊन विसरून गेली. पाच वर्सं मी सिंधूले सांगून राहिली, का माह्या डोक्यात फरक पडला.” बापूंचा हात मिशीवरच थांबला होता.

घरी आल्यावर तुतारी निघाली. तिच्या टोकाला आर असते, लोखंडाची. त्या दिवशी बापूंनी ती उलटी धरायचीही तसदी घेतली नाही. माय मधे पडली तर तिचा खांदा फाटला. मी ओरडत होते, “तुम्हीच तं सांगतलं! तुम्हीच सांगतलं तसंच लिहिलं!” आणि ते खरं असल्यामुळे बापू आणखी चेकाळत होते. पाठीवरचे ते वण अजून आहेत. त्याच दिवशी दुपारी भाऊनं आणि पेट्या ठोकणाऱ्या तिघांनी गुरुजींना तलावाच्या पाळीवर सायकलीवरून ओढून खाली पाडलं. त्यांचा उजवा हात दगडावर ठेवला आणि वरून दुसरा दगड घातला. तीनदा. हे मला भाऊनंच जेवताना सांगितलं, तिसऱ्या वेळी कसा आवाज आला तेही सांगितलं. गुरुजी आठ दिवसांनी परत आले, हात गळ्यात बांधलेला, आणि डाव्या हातानं फळ्यावर वाकडंतिकडं लिहायला लागले. वर्गात मी मान वर केली नाही.

इलेक्शन महिन्याभरावर होतं. मोहल्ल्यात रोज बैठका व्हायला लागल्या. निरोप आला तो साधाच: यंदा मतदानाच्या दिवशी कोणी तोडाईला येणार नाही, सकाळी सातला शाळेत रांग लावणार, बाया पुढे, म्हाताऱ्या सगळ्यात पुढे. बायांवर, म्हाताऱ्यांवर कोणी हात टाकणार नाही, असा त्यांचा हिशेब. आमच्या घरातल्या बायांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. गुरुजींना सरकारनं रामटेककडे मतदानाच्या ड्यूटीवर लावलं होतं, म्हणजे त्या दिवशी ते गावात नसणार. बापूंनी ऐकलं आणि म्हणाले, “येऊ दे.”

त्या सकाळी मायनं माझ्या हातात चहाची किटली आणि पोह्यांचं पातेलं दिलं, शाळेत साहेबांसाठी. मी गेले तेव्हा साहेब टेबलावर याद्या मांडत होते, दाराशी एकच शिपाई, आणि उमेदवाराचे एजंट म्हणून बापू स्वतः खुर्ची टाकून बसलेले. मी कपात चहा ओतत होते. खिडकीतून रांग दिसत होती. सगळ्यात पुढे गिरजाबाई, धुतलेलं पांढरं लुगडं, सिंधूनं हाताला धरलेलं. आणि मग शाळेच्या मागून भाऊ आला, त्याच्यामागे दहाबारा जण. कोणी काठ्या घेतल्या होत्या, कोणी बगीच्यातली हत्यारं. शिपायानं बघितलं आणि तो लघवीला गेला.

आधी त्यांनी माणसांवर काठ्या चालवल्या. कवटीवर काठी बसली की ओल्या लाकडासारखा बद्द आवाज येतो. एक जण गुडघ्यावर आला, त्याचं तोंड लाथेनं फुटलं. बाया किंचाळत पांगल्या, त्यांच्या झिंज्या धरून ओढत नेलं. गिरजाबाई तेवढ्या हलल्या नाहीत. त्या दाराकडे तोंड करून उभ्या होत्या, जणू मागे काही चाललंच नव्हतं. भाऊ त्यांच्यासमोर आला. “घरी जाय, बुढे,” तो म्हणाला. त्या म्हणाल्या, “एकडाव मत देतो, बाबू, मंग जातो.” भाऊनं हातोडी वर केली आणि त्यांच्या डोक्यात घातली. मी दहा हातांवर होते. माझ्या हातातली किटली कलंडली आणि चहा साहेबांच्या याद्यांवर सांडला, आणि साहेब माझ्यावर ओरडले. बाहेर मोहल्ल्याच्या बाजूनं धूर वर चढत होता. गवताची छपरं पेटायला वेळ लागत नाही. पळायचं सोडून सगळी माणसं लेकरं काढायला घराकडे धावली, आणि रांग संपली.

मग गिरजाबाई आत आल्या. सिंधूच्या खांद्यावर रेलून, डोक्याला पदर दाबून. तोंड ओळखू येत नव्हतं. डोळ्यांत, नाकात, तोंडात रक्त. त्यांनी टेबलाला धरलं आणि म्हणाल्या, “गिरजाबाई. लिहून घ्या.”

“हरकत,” बापू शांतपणे म्हणाले. “हे गिरजाबाई नोहे. गिरजाबाई मेली मागच्या पावसाळ्यात. हे कोणी बाहेरची आणली यायनं.”

“माही आजी होय ते!” सिंधू ओरडली. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. ते घरच्याच पोरीचं सांगणं झालं, म्हणाले, गावातल्या दुसऱ्या कोणी ओळख पटवली पाहिजे. खोलीत दुसरं कोणी नव्हतंच. साहेब इकडेतिकडे बघत माझ्याकडे वळले. मला अजून कळत नाही त्यांनी ते का केलं. रात्री आमच्या घरचा गोळाभात खाल्लेला तो माणूस, त्यानं मला विचारलं, “काय गं, तू गावातलीच ना? ओळखतेस या बाईला?”

“तिले काय विचारता,” बापू म्हणाले, “पोट्टी आहे ते.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ माझ्या पाठीला नीट माहीत होता. मला भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला होता. कारण बापू खोटं बोलत होते; आणि ते सगळं करतात, मारतात, पण खोटं बोलत नाहीत, अशी माझी समजूत होती.

“ह्या गिरजाबाईच आहेत,” मी म्हणाले. “सिंधूची आजी. मी रोज पाहतो त्यायले.”

साहेबांनी नाव लिहिलं. शाई लावायला बोट घेतलं तर रक्तावर शाई बसेना. त्यांनी आपल्या रुमालानं ते बोट आधी पुसलं, मग लावली. गिरजाबाई पडद्याआड गेल्या. फार वेळ लागला त्यांना. बाहेर आल्या, घडी घातलेला कागद स्वतःच्या हातानं पेटीत टाकला, तो पडला की नाही हे वाकून बघितलं आणि खाली बसल्या. पुन्हा उठल्या नाहीत. बैलगाडीतून त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या. त्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याचं तेवढं एकच मत पडलं.

घरी माझं काय झालं ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला आता अंदाज आला असेल. केस मात्र झाली. वर्षानं मला कोर्टात उभं केलं, कारण साहेबांनी आपल्या अहवालात लिहिलं होतं की मालगुजारांची मुलगी खिडकीशी होती. माझ्यासाठी नवा फ्रॉक शिवला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात गुरुजी भेटले, त्यांची बदली लांब झाली होती, तरी आले होते. उजव्या हाताची बोटं वाळक्या शेंगांसारखी आत वळलेली. त्यांनी एवढंच म्हटलं, “पाहिलं तेवढंच सांग, बेबी.” आत सरकारी वकिलांनी विचारलं, हातोडी कोणी मारली? भाऊ पिंजऱ्यात उभा होता, गालफडं बसलेली, डोळे माझ्यावर. मागच्या बाकावर माय पदर तोंडात धरून बसली होती. दुसऱ्या बाजूला सिंधू, एकटी. फाशी होईल, असं मायनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, माझे पाय धरून. मायनं, माझे पाय.

“मी पाहिलं नाही,” मी म्हणाले. “मी चहा ओतत होती.”

सगळे सुटले. व्हरांड्यात गुरुजी पुढे आले. त्यांनी सुराहीतून डाव्या हातानं पाणी काढून दिलं, आणि मी ते प्यायले. सिंधू माझ्यासमोरून गेली. ती थुंकली असती तर बरं झालं असतं.

पुढे मी इतिहासाची मास्तरीण झाले. तीस-बत्तीस वर्षं पोरांना गुरुजींचेच तीन प्रश्न घालत आले, घरी विचारा, जसं सांगतील तसं लिहा. लोक म्हणत, बाई फार निडर आहेत. निवृत्तीच्या समारंभात तर एकानं माझी ती मतदान केंद्राची गोष्टच भाषणात सांगितली. टाळ्या पडल्या. कोर्टातली गोष्ट कोणाला ठाऊकच नव्हती, आणि मी उठून सांगितली नाही.

भाऊ अजून आहे. ऐंशी ओलांडली, नागपुरात धरमपेठेत मुलाच्या घरी असतो, डोळ्यांत पडदा आलाय, वाचता येत नाही. हे प्रकरण लिहून झाल्यावर मी कागद घेऊन त्याच्याकडे गेले. त्याला न सांगता छापणं म्हणजे पाठीमागून वार करणं, आणि तसले वार आमच्या घरात पुष्कळ झाले. गॅलरीत तो खुर्चीवर बसला होता, मी समोर स्टुलावर. सुरुवातीपासून वाचलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मधे सून चहा ठेवून गेली. मी शाळेपर्यंत आले, रांगेपर्यंत आले, आणि ते वाक्य वाचलं: भाऊनं हातोडी वर केली आणि त्यांच्या डोक्यात घातली.

“थांब,” भाऊ म्हणाला.

मी थांबले. मला वाटलं आता कागद हिसकावेल.

“हातोडी नोहे, वं,” तो म्हणाला. “सळाख होती. पेट्या उचकटाची.” त्यानं चाचपत चहाचा कप शोधला. “आन एक डाव नाही मारली. दोन डाव. तू दुसऱ्या डाव डोळे मिटले असशीन.”

मी पेन काढलं आणि समासात लिहून घेतलं, त्यानं सांगितलं तसंच.